वामनवृक्षाचा हिवाळा

१

मराठी समीक्षेत ज्या काही प्रतिमा फारसा विचार न करता वापरल्या जातात, त्यांत ‘बोन्साय’ ही एक आहे. एखाद्या कवीची अनुभवकक्षा मर्यादित वाटली की त्याच्या कवितेचे ‘बोन्साय झाले’. एखादी कादंबरी दीडशे पानांत आटोपली की ती ‘बोन्साय कादंबरी’. शहरी मध्यमवर्गाचे लेखन तर एकजात ‘कुंडीतले’. स्त्रियांच्या घुसमटीविषयी, दलित आणि ग्रामीण मुलांच्या नाकारल्या गेलेल्या वाढीविषयी बोलतानाही हीच प्रतिमा पुढे केली जाते, आणि तेथे तिच्यामागे खरे दुःख असते, हे मी आरंभीच मान्य करतो. त्या दुःखाशी माझा वाद नाही. माझा वाद आहे तो प्रतिमेशी. जी वस्तू आपण कधी नीट पाहिली नाही, जिची निगा एक हिवाळाभरही राखली नाही, तिला आपण क्रौर्याचे आणि खुजेपणाचे प्रतीक ठरवून मोकळे झालो. या चुकीच्या निदानातून एक चुकीचा उपाय आपल्या हाती आला. तो उपाय म्हणजे ऊब. ज्याची वाढ खुंटली आहे असे आपल्याला वाटते, त्याला घरात घ्यावे, शेकोटीजवळ बसवावे, चार कौतुकाचे शब्द बोलावेत, म्हणजे ते वाढेल, अशी ही समजूत आहे.

प्रस्तुत लेखात मला असे दाखवायचे आहे की ही समजूत झाडाच्या बाबतीत खोटी आहे आणि वाङ्मयाच्या बाबतीत घातक आहे. हे म्हणण्याचा अधिकार मला ग्रंथांनी दिलेला नाही. तो माझ्या हातून झालेल्या एका झाडाच्या मृत्यूने दिला आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगणे भाग आहे.

२

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासप्रकल्पाच्या निमित्ताने मी शिमल्यात लागोपाठ दोन हिवाळे काढले. माझा जन्म देशावरचा. थंडी म्हणजे स्वेटर, शेकोटी आणि हुरडा, एवढीच माझी कल्पना. पहिल्याच शरद ऋतूत एका स्नेह्यांनी मला जपानी मेपलचे एक लहानसे बोन्साय भेट दिले. वय तीन वर्षे, उंची वीतभर, कुंडी उथळ. ऑक्टोबरात त्याची पाने लालभडक झाली, नोव्हेंबरात गळून गेली, आणि डिसेंबरच्या मध्यास पहिले हिम पडले तेव्हा गॅलरीत काटक्यांचा एक केविलवाणा जुडगा तेवढा उरला होता. मला त्याची दया आली. मी ते उचलून आत आणले आणि लिहिण्याच्या टेबलाशेजारी, विजेच्या हीटरपासून चार हातांवर ठेवले.

जानेवारीत चमत्कार झाला. फांदीवरचे तीन-चार डोळे फुगले, आणि त्यांतून फिकट, पातळ पाने बाहेर आली. बाहेर पांढरेशुभ्र हिम आणि आत माझ्या टेबलावर हिरवी पालवी! मी ती येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवू लागलो. पुण्याच्या एका मित्राला त्यावर पानभर पत्रही लिहिले. बाकीचे बहुतेक डोळे मिटलेलेच राहिले होते, याकडे माझे लक्ष गेले नाही. फेब्रुवारीत पानांच्या कडा करपल्या. कोंब लांबले, पण उभे राहीनात. मार्चमध्ये खोड सुरकुतले. नखाने साल किंचित खरवडून पाहिली तेव्हा खाली हिरवा थर नव्हता. तपकिरी, कोरडे लाकूड होते. त्याच आठवड्यात शेजारच्या आवारातील मेपलच्या फांद्यांवर लाल कळ्या टपोऱ्या होत होत्या.

आमच्या आवारात एक वृद्ध माळी कामास येत. सारे आयुष्य सफरचंदाच्या बागांत गेलेले. त्यांनी कुंडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “साहब, आपने इसे सोने नहीं दिया.”

माझ्या समीक्षेच्या कारकिर्दीत माझ्यावर बरीच टीका झाली आहे. इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही.

३

‘सोने नहीं दिया’ याचा अर्थ शब्दशः घ्यावयाचा आहे. समशीतोष्ण प्रदेशातील झाडांना, म्हणजे मेपल, एल्म, पाइन, ज्युनिपर, सफरचंद, चेरी यांना, हिवाळा ही केवळ सोसावयाची आपत्ती नसते. ती त्यांच्या वर्षाची एक आवश्यक अवस्था असते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की झाड वाढ थांबवते. पानांतील उपयुक्त द्रव्ये खोडात व मुळांत ओढून घेते, पाने टाकते. पेशींत शर्करा साठू लागते. पेशींतील काही पाणी बाहेरच्या पोकळीत जाते, त्यामुळे बर्फ झालाच तर तो पेशीच्या बाहेर होतो आणि आतील दाट रस गोठत नाही. ही तयारी एका रात्रीत होत नाही. थोडी थंडी, मग अधिक थंडी, अशा क्रमानेच झाड काटक बनते. थंडीने मारले जाऊ नये याची शिकवण त्याला थंडीच देते.

त्यानंतर कळ्या सुप्त होतात. ही सुप्ती वरवरची नसते. मधूनच एखादा उबदार दिवस आला म्हणून सुटणारी ती नव्हे. तसे असते तर जानेवारीतील प्रत्येक उन्हाळलेली दुपार झाडाचा घात करती. ठरावीक मुदतीची थंडी भोगल्याखेरीज कळीचे कुलूप उघडत नाही. हिमाचलच्या बागायतदारास हे पाठ असते. तो सात अंश सेल्सिअसच्या खालचे तास मोजतो. रॉयल डेलिशससारख्या सफरचंदाला असे हजाराहून अधिक तास लागतात. ते पुरे झाले नाहीत तर वसंतात काही डोळे फुटतात, काही मिटलेलेच राहतात, बहर विस्कटतो आणि फळ धरत नाही. सॅम्युअल स्टोक्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोटगढला अमेरिकी सफरचंदाची लागवड रुजवली, ती या थंडीच्या भरवशावर. आज हिवाळे सौम्य होत चालल्यामुळे खालच्या उंचीवरील बागा संकटात आल्या आहेत आणि लागवड डोंगरात वर वर सरकते आहे. ज्यांना थंडी हा केवळ शत्रू वाटतो, त्यांनी या बागायतदारांच्या घरी जाऊन बसावे. हिम पडले नाही म्हणून तेथे काळजी केली जाते.

माझ्या टेबलावरील मेपलचे काय झाले, हे आता उघड आहे. त्याची थंडी निम्मीच पुरी झाली होती. मी ती तोडली. हीटरच्या कोरड्या हवेत, खिडकीच्या अपुऱ्या उजेडात त्याने साठवणीतले अन्न खर्चून चार पाने काढली, आणि ती पाने त्याला पोसू शकली नाहीत. मी ज्याला चमत्कार म्हणून मित्रांना कळवीत होतो, ती वस्तुतः त्याच्या मरणाची सुरुवात होती. अवकाळी पालवी पाहून आनंदणारा मनुष्य झाडावर प्रेम करीत नसतो. तो स्वतःच्या औदार्यावर प्रेम करीत असतो.

येथे एक खुलासा हवा. वड, उंबर, जेड यांसारख्या उष्ण प्रदेशातील झाडांना ही सुप्ती नसते. त्यांना शिमल्याच्या गॅलरीत ठेवणे म्हणजे त्यांची हत्याच. मुंबई-पुण्याकडील बहुतेक बोन्साय या जातींची असतात, आणि त्यांवरूनच आपण ‘झाडाला ऊब हवी’ असा सरसकट नियम काढला. एका प्रकृतीचा नियम दुसरीवर लादणे, ही चूक समीक्षकास तरी अपरिचित नसावी.

४

मात्र या हकीकतीतून ‘झाडाला थंडीत उघडे टाका, टिकेल ते टिकेल’ असा निष्कर्ष जो काढील, तो माझ्याहून मोठी चूक करील. कारण पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: थंडी झाडाच्या कोणत्या भागाला लागते?

फांद्या आणि कळ्या थंडीसाठी घडलेल्या असतात. मुळे तशी नसतात. जमिनीतील झाडाच्या मुळांना कडक थंडी फारशी भेटतच नाही. भूमीच्या पोटात सावकाश बदलणारे, मऊ तापमान असते आणि वर पालापाचोळ्याची व हिमाची रजई असते. म्हणून निसर्गाने मुळांना फांद्यांइतके काटक केले नाही. अनेक जातींत सुप्त फांद्या शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत तग धरतात, पण त्याच झाडाची कोवळी मुळे उणे पाच-सातच्या आसपास दगावतात. आता हे झाड उथळ कुंडीत आणा. मुळांभोवती दोन बोटे माती, आणि त्या मातीला चारही बाजूंनी व खालूनही वारा. जमिनीतील झाडाला जी थंडी वरूनच लागते, ती येथे मुळाला पाच दिशांनी भिडते. त्यातही झाड लहान असेल तर त्याची बहुतेक मुळे कोवळीच असतात. म्हणजे एकाच जातीच्या, एकाच आवारातील दोन झाडांसाठी एकच रात्र ही एकच रात्र नसते.

दुसऱ्या हिवाळ्यात मी त्या माळीबाबांच्या हाताखाली काम केले. नवे रोप आणले, तेही मेपलच. ऑगस्टअखेर त्याचे नत्रयुक्त खत बंद झाले, कारण उशिरा आलेला लुसलुशीत कोंब थंडीपूर्वी पिकत नाही आणि पहिला बळी तोच जातो. सप्टेंबरनंतर कात्री लावली नाही. कापलेली जागा पुन्हा फुटू पाहते. पाने गळू दिली. नोव्हेंबरअखेर घराच्या उत्तरेकडील भिंतीलगत खड्डा खणून कुंडी काठोकाठ जमिनीत उतरवली. मी दक्षिणेकडील उन्हाची जागा सुचवली होती. ते हसले. दुपारी ऊन आणि रात्री गोठण, असा रोजचा हेलकावा झाडाला सलग थंडीपेक्षा अधिक छळतो: साल तडकते, मुळे उखडतात, कळीची झोप चाळवते. उत्तरेची सावली एकसारखी थंड असते, आणि झाडाला एकसारखेपणाच हवा असतो. कुंडीवर देवदाराच्या सुया आणि बानाची वाळकी पाने वीतभर पसरली. वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचा आडोसा उभा केला, पण झाड त्यात गुंडाळले नाही. उंदीर हिवाळ्यात कोवळी साल कुरतडतात म्हणून खोडाभोवती जाळी लावली.

पाण्याविषयी माझी समजूत होती की थंडीत माती कोरडी ठेवावी. तीही चुकीची निघाली. कोरड्या मातीपेक्षा ओलसर माती हळू गार होते, आणि पाणी गोठताना थोडी उष्णता सोडते. शिवाय हिवाळ्यात मरणारी कित्येक झाडे, विशेषतः ज्युनिपर-पाइनसारखी सदाहरित झाडे, गोठून मरत नाहीत, तहानेने मरतात: वर ऊन-वारा पानांतील पाणी ओढीत असतो आणि खाली माती गोठल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. म्हणून माती मोकळी असेल त्या सकाळी थोडे पाणी, निचरा चांगला, आणि साचलेले थेंबभरही नाही. हिम पडले तेव्हा मी ते झटकायला गेलो, तर त्यांनी हात धरला. फांदी मोडण्याइतके ओझे नसेल तर हिम राहू द्यावे. तेही पांघरूणच आहे.

सर्वांत कठीण काळ जानेवारीचा नव्हता, मार्चअखेरचा होता. कळ्या फुगल्या की झाडाने कमावलेला काटकपणा सुटत जातो. जी फांदी जानेवारीत उणे दहा अंश सहज सोसती, तिची कोवळी पालवी एका उशिराच्या दहिवराने काळी पडते. त्या तीन आठवड्यांत कुंडी दर रात्री ओसरीत आणि दर सकाळी बाहेर, असा आमचा नेम होता. एप्रिलमध्ये सर्व डोळे एकदम फुटले. मी कोणास पत्र लिहिले नाही.

या साऱ्या खटाटोपाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: माथ्याला थंडी भोगू द्यावी आणि मुळाला आच्छादन द्यावे. पहिल्या हिवाळ्यात मी नेमके उलटे केले होते.

५

बोन्सायला क्रौर्य म्हणणाऱ्यांनी जपानी परंपरेकडेही पाहावे. ‘बोन्साय’ या शब्दाचा अर्थ थाळीसारख्या पात्रात लावलेले झाड, एवढाच आहे. त्यात खुजेपणाचा निर्देश नाही. ही कला चीनमधून जपानात आली आणि तेथे शतकानुशतके घडत गेली. हिवाळ्यासाठी झाडे ठेवण्याच्या जागेस तेथे ‘मुरो’ म्हणतात. मुरो उबदार नसते. तिचे काम वारा आणि टोकाची गोठण अडविणे हे आहे. थंडी हद्दपार करणे हे नव्हे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतील बोन्साय-उत्पादक शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ च्या सुमारास तेथे बोन्सायग्राम वसले. झाडांसाठी स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि चांगली माती मिळावी म्हणून माणसांनी आपली वस्ती हलवली. याला क्रौर्य म्हणावयाचे असेल तर निगा कशाला म्हणावयाचे?

नो नाट्यपरंपरेत ‘हाचिनोकी’ नावाचे एक नाटक आहे. शीर्षकाचा अर्थच ‘कुंडीतली झाडे’. हिमवर्षावाच्या रात्री एक फिरस्ता भिक्षू सानो गावातील त्सुनेयो नामक दरिद्री योद्ध्याच्या दाराशी येतो. घरात वाढायला भरडधान्याखेरीज काही नाही, आणि जाळायला लाकूडही नाही. वैभवाच्या दिवसांतील तीन कुंड्या मात्र उरल्या आहेत: एक प्लम, एक चेरी, एक पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तिन्ही झाडे तोडून जाळतो. तो भिक्षू म्हणजे वेषांतर केलेला होजो तोकियोरी असतो, आणि पुढे तो त्सुनेयोला त्या तीन झाडांची नावे धारण करणारी तीन गावे बहाल करतो. हे नाटक त्यागाची कथा म्हणून वाचले जाते आणि ते योग्यच आहे. मी वाचकांचे लक्ष एका लहानशा तपशिलाकडे वेधू इच्छितो. तोडण्यापूर्वी त्सुनेयो त्या झाडांवरील हिम झटकतो. म्हणजे प्राणापलीकडे जपलेली ती झाडे त्या रात्री हिमात उभी होती. मालकाने ती उपेक्षेने बाहेर टाकली नव्हती. त्यांची जागाच तेथे होती. ती घरात आली ती एकदाच, आणि जळण्यासाठी.

दुसरे उदाहरण इतिहासातले आहे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती-उद्यानातील बोन्साय संग्रहालयात एक जपानी श्वेत पाइन आहे. त्याची जोपासना १६२५ पासून चालू आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आड होते, आणि वाचले. १९७६ मध्ये मासारु यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ते हिरोशिमातून वाचलेले आहे, ही गोष्ट मात्र २००१ मध्ये कुटुंबातील तरुण ते पाहावयास आले तेव्हा तेथे कळली. सुमारे चारशे हिवाळे काढलेल्या या झाडाला ‘खुंटलेले’ म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

आणि जपानापर्यंत तरी का जावे? मराठीने या झाडाला ‘वामनवृक्ष’ हा प्रतिशब्द दिला. वामन हा खुजा नव्हे. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्याचे ते नाव आहे. आमचा शब्द शहाणा निघाला. आमची समीक्षा मात्र त्या शब्दाकडे न पाहता परकी प्रतिमा उगाळीत बसली.

६

आता वाङ्मयाकडे वळतो. तरुण लेखकाशी कसे वागावे, यासंबंधी आपल्याकडे दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही चुकले आहेत, असे माझे मत आहे.

पहिला पक्ष उबेचा. पहिले पुस्तक येताच प्रकाशन समारंभ, प्रस्तावना, मुलाखत, पुरस्कार. कठोर परीक्षण लिहिणे हे दुष्टपणाचे मानले जाते. ‘नवा आहे, सांभाळून घ्या’ असे संपादकच सुचवितात. या पक्षावर टीका करताना मी स्वतःला वगळू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका तरुण कवीच्या पहिल्या संग्रहाला मी प्रस्तावना लिहिली. संग्रहातील पाच-सहा कविता अस्सल होत्या. उरलेल्या कच्च्या होत्या आणि दोन वर्षे थांबल्या असत्या तर कदाचित पिकल्या असत्या. हे मला लिहिताना कळत होते. मी ते लिहिले नाही. मुलगा लांबून आला होता, घरात लिहिणारा पहिलाच होता, आणि मला त्याची दया आली. संग्रहाला पुरस्कार मिळाले, तो व्यासपीठांवरून हिंडू लागला, आणि नंतरच्या संग्रहात त्याने पहिल्याचेच अनुकरण केले. तिसरा आलाच नाही. लोक म्हणतात, त्याचे बोन्साय झाले. मी म्हणतो, बोन्साय झाले असते तर तो जगला असता. त्याला कोणी झोपू दिले नाही. जानेवारीत त्याच्यावर पालवी पाहून ज्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांत मी पहिल्या रांगेत होतो.

दुसरा पक्ष कणखरपणाचा. ‘आमच्या वेळी कोणी ऊब दिली होती? जो सकस असेल तो टिकेल,’ हे त्याचे ब्रीद. या पक्षातील बहुतेकांची मुळे खोल जमिनीत होती, हे ते विसरतात. घरात ग्रंथ होते, वडिलांकडे येणारी मासिके होती, प्रमाणभाषा पाळण्यातच कानांवर पडली होती. त्यांच्या फांद्यांनी थंडी सोसली हे खरे. पण ती त्यांच्या मुळांपर्यंत कधी पोचलीच नव्हती. पहिल्या पिढीच्या लेखकाजवळ दोन बोटे माती असते. एकच नापसंतीचा अभिप्राय, तीच कडक रात्र. एकाला ती पिकवते आणि दुसऱ्याला मुळापासून मारते. दलित, आदिवासी, भटक्या समाजांतील लेखकांना ‘थंडी सर्वांना सारखीच’ असे ऐकवणारा समीक्षक निःपक्षपाती नसतो. त्याला कुंडी दिसत नाही, इतकेच.

या दोघांमधून मार्ग आहे, आणि तो मला माळीबाबांनी दाखवला. टीका ही माथ्याची थंडी आहे. ती पुरेशी मिळालीच पाहिजे, क्रमाक्रमाने आणि एकसारखी. आज आरती आणि उद्या कुऱ्हाड हा हेलकावा नको. मुळाचे आच्छादन ही मात्र वेगळी गोष्ट आहे: चालू स्थितीतील ग्रंथालय, हाताशी शब्दकोश, शाळेत भाषा शिकवणारा जाणता शिक्षक, हस्तलिखित ओळ न् ओळ वाचणारा संपादक, अनुवाद, आणि पोटापुरते काम. यांतील एकाही गोष्टीने लेखक लाडावत नाही. यांतील एकही गोष्ट व्यासपीठावरून देता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती दिली जात नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मलाही झाला. त्यानंतर काही महिन्यांनी मध्य भारतातील एका जुन्या मराठी ग्रंथालयात जाण्याचा योग आला. दर्शनी भागात दर्जाचा अभिनंदनफलक होता, आणि आतल्या दालनात जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांवर छतातून पाणी ठिबकत होते. ग्रंथपाल निवृत्त झाल्यापासून जागा भरलेली नव्हती. महाराष्ट्राबाहेरची मराठी ही अक्षरशः कुंडीतली मराठी आहे: चहूकडून दुसऱ्या भाषांचा वारा, आणि मुळांभोवती काही कुटुंबे, एखादे ग्रंथालय, एखादी शाळा, एवढीच माती. तिला सत्कार नकोत. तिला तो खड्डा, ती वाळकी पाने आणि तो गोणपाटाचा आडोसा हवा आहे. तेथे एका विद्यार्थिनीने मला तिच्या कथा दाखवल्या. मी प्रस्तावना देऊ केली नाही. दोन कथा पुन्हा लिहावयास सांगितल्या, आणि परत आल्यावर कोश व काही पुस्तके पाठविली. तिला राग आला असणे शक्य आहे.

७

एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. झाडाला कुंडीत घालणारा मनुष्यच होता. मग त्याने हिवाळ्यात घेतलेली काळजी ही तुरुंगाधिकाऱ्याच्या काळजीसारखी नव्हे काय? स्त्रिया आणि दलित लेखक ‘आम्हांला कुंडीतच ठेवले’ असे म्हणतात, तेव्हा कुंडीत कसे जगावे हे शिकवणे हा त्यांचा अपमान नव्हे काय?

या आक्षेपाला माझ्याजवळ अर्धेच उत्तर आहे. ज्या कुंड्या अन्यायाने लादलेल्या आहेत, त्या फोडल्याच पाहिजेत; त्या कामाला बोन्सायकलेचा दाखला देऊन मी अडथळा आणू इच्छित नाही. परंतु कुंडी फुटली तरी झाड त्या दिवशी जमिनीत रुजत नाही. मधले काही हिवाळे उघड्या मुळांनी काढावे लागतात, आणि तेच सर्वांत धोक्याचे असतात. त्या काळात ‘मुक्त झालास, आता सोस’ म्हणणारा आणि ‘बिचारा’ म्हणून हीटरजवळ नेणारा, हे दोघेही त्याला सारखेच निरुपयोगी. शिवाय प्रत्येक मर्यादा ही तुरुंग नसते. छंद, वृत्त, बोली, गाव, दीडशे पाने: या कुंड्या लेखक स्वतः निवडतो, आणि त्यांत चारशे वर्षे जगणारे काही वाढवू शकतो. लादलेली कुंडी कोणती आणि निवडलेली कोणती, हा भेद ‘बोन्साय’ हा एकच शब्द दोन्हींवर फेकल्याने पुसला जातो. म्हणून तो शब्द आपण काही काळ तरी बाजूस ठेवावा, एवढे माझे मागणे आहे.

शिमला सोडताना ते दुसरे मेपल मी बरोबर आणले नाही. महाराष्ट्रातील हिवाळ्यात त्याची झोप पुरी होणार नाही, हे एव्हाना मला कळले होते. ते माळीबाबांकडे ठेवले. पुढच्या वसंतात मी पत्राने विचारणा केली, तेव्हा त्यांच्या नातवाने उत्तर पाठवले: यंदा हिम चांगले पडले, झाड बाहेरच होते, ठीक आहे.